मासळीच्या पिकअपचा हँगर: एक ब्रॅकेट नव्याने घडवताना

पार्श्वभूमी

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. एरवी शेड, गेट, ट्रॉल्या आणि साखर कारखान्यांची किरकोळ कामं चालतात. गाड्यांची कामं आम्ही मोजकीच घेतो, कारण गाडीखालचं वेल्डिंग फसलं तर रस्त्यावर माणसं जातात. हे प्रकरण अशाच एका कामाचं आहे. मालकाची ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मोजमापं मात्र आमच्या वहीतली, जशीच्या तशी.

नऊ वर्षांची पिकअप. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून मासळी भरायची, साखरप्यावरून आंबा घाट चढायचा, मलकापूरमार्गे पहाटेच्या आत कोल्हापूर गाठायचं. हंगामात आठवड्याला पाच फेऱ्या. माल क्रेटमध्ये, वर बर्फ. बर्फ वाटेत वितळतो आणि ते खारं पाणी हौद्यातून गळत राहतं. या गाडीच्या हौद्याला पाणी जायला एकच भोक होतं, उजव्या मागच्या कोपऱ्यात. घाट चढताना सगळं पाणी मागे येई, त्या भोकातून खाली पडे आणि चॅसीवर सांडे. नेमकं त्याच जागी उजव्या पाट्याचा, म्हणजे चाकावरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगचा, मागचा हँगर होता.

ज्यांनी गाडीखाली वाकून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पाट्याचं पुढचं टोक चॅसीवरच्या एका ब्रॅकेटमध्ये पिनेने पक्कं बसतं. मागचं टोक शॅकलला, म्हणजे झुलत्या जोडकडीला, आणि शॅकल दुसऱ्या ब्रॅकेटला. वजन आलं की पाटा सपाट होतो, सपाट झाला की लांब होतो, आणि ती वाढलेली लांबी सामावून घ्यायला शॅकल झोपाळ्यासारखी मागे सरकते. शॅकल जिथे लटकते त्या ब्रॅकेटला गॅरेजमध्ये हँगर म्हणतात. मागच्या एका चाकावर येणारं जवळजवळ निम्मं वजन एकट्या या हँगरमधून चॅसीत जातं.

अडचण

गाडी आमच्याकडे मे महिन्याच्या २१ तारखेला आली. तक्रार साधी होती: खड्ड्यात उजवीकडून 'खट्ट' असा आवाज येतो.

मार्चमध्ये मूळ हँगर गंजून फाटला होता. तेव्हा रस्त्यालगतच्या एका गॅरेजने १० मिमी जाड प्लेटचा नवा हँगर करून चॅसीच्या खालच्या फ्लँजला चारी बाजूंनी वेल्ड केला होता. काम दिसायला दणकट. आम्ही गाडी वर घेतली, तारेच्या ब्रशने माती आणि गंजाचे पापुद्रे काढले, डाय पेनेट्रंटचा, म्हणजे बारीक तड्यात शिरणारा, लाल रंग मारला, पुसला आणि तो तड्यातून बाहेर ओढणारा पांढरा डेव्हलपर फवारला. दोन मिनिटांत पांढऱ्यावर लाल रेघ उमटली. ती १० मिमीच्या हँगरवर नव्हती, चॅसीवर होती. वेल्ड जिथे फ्लँजच्या कडेला संपत होतं तिथून सुरू होऊन फ्लँज आडवा कापत, वळणावरून वर वेबमध्ये ४० मिमीपर्यंत गेली होती.

वेब म्हणजे चॅसीच्या सी-चॅनलची उभी भिंत, फ्लँज म्हणजे वरची आणि खालची आडवी बाजू. इथे चॅनल ४ मिमी जाडीचं. त्याच्या खालच्या फ्लँजला १० मिमीचा ठोकळा जोडला की प्रत्येक खड्ड्यात हँगर फ्लँजला वर ढकलतो आणि फ्लँज भिंतीतल्या फळीसारखा वाकतो. ठोकळा स्वतः वाकत नाही. मग सगळं वाकणं ठोकळा संपतो त्या रेषेवर गोळा होतं. तिथेच वेल्डची कड, तिथेच वेल्डच्या उष्णतेने बदललेलं लोखंड, आणि तिथेच खारं पाणी. ब्रॅकेट जितका राकट केला तितकी चॅसी लवकर चिरली.

पहिला निर्णय: दहा दिवस गाडी चालू द्यायची का

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. मालकांच्या हातात हंगामाचे शेवटचे दहा दिवस होते. ते म्हणाले, "दादा, दहाच दिवस राहिलेत बंदीला. आणखी एक प्लेट मारा, तेवढं निभावून न्या. मग दोन महिने गाडी तुमच्याकडेच ठेवतो."

आमचे वेल्डर मामा तीस वर्षं हेच काम करतात. ते गाडीखालूनच बोलले, "प्लेट मारायला अर्धा तास लागंल. पण ती धरायला खाली लोखंड कुठं ऱ्हायलंय?"

मागचा हँगर सुटला तर पुढच्या पिनेमुळे ॲक्सल जागेवर राहू शकतो. पण चॅसी पाट्यावर आदळते, हौदा टायरवर घासतो, आणि घाटाच्या वळणावर भरलेली गाडी एका अंगावर झुकते. दहा दिवसांत असं होईलच असं मी म्हणू शकत नव्हतो. होणार नाही, असंही म्हणू शकत नव्हतो. मी नाही म्हटलं. मालक नाराज झाले, दहा दिवस भाड्याची गाडी लावली आणि त्यात त्यांचा बराच नफा गेला. हा नकार योग्य होता असं मला आजही वाटतं. मात्र तो देताना मी तडा दाखवला नाही, फक्त तोंडी सांगितलं, हे चुकलं. लाल रेघ त्यांनी संध्याकाळी पाहिली आणि त्यानंतर एकदाही वाद घातला नाही. आधी दाखवायला हवी होती.

वजनकाट्यावरचा आकडा

डिझाइनला बसण्याआधी गाडीवर खरोखर किती वजन येतं ते कळायला हवं होतं. मालक 'दीड टन' म्हणत होते. त्यांच्याकडे एका जुन्या फेरीची काट्याची पावती होती, पण तीत पूर्ण गाडीचं वजन होतं, ॲक्सलचं नव्हतं. म्हणून भाड्याच्या गाडीत जे क्रेट जात होते तेवढेच क्रेट, तेवढंच बर्फ धरून वाळूच्या पोत्यांनी हिशेब जुळवला. फेरीला निघण्याजोगी दुसरी तशीच गाडी मिळवली आणि तिची फक्त मागची चाकं काट्यावर घेतली: २,३५० किलो. पासिंगच्या, म्हणजे आरटीओने मंजूर केलेल्या, वजनापेक्षा हे जास्त भरत होतं. क्रेट मोजून भरलेले असतात, बर्फ कोणी मोजत नाही.

मागचा ॲक्सल, चाकं वगैरे पाट्याच्या खालचे भाग सुमारे २५० किलोचे. उरले २,१०० किलो. एका पाट्यावर १,०५०, पाट्याच्या एका टोकावर ५२५. रस्त्याच्या दणक्यासाठी आम्ही तिप्पट धरलं, कारण चौपदरीकरणाच्या कामामुळे या रस्त्यावर खडीचे आणि उखडलेले तुकडे बरेच होते. म्हणजे सुमारे १,५७५ किलो, १५.५ किलोन्यूटन. पाट्याची मध्यरेषा चॅसीच्या वेबपासून ७० मिमी बाहेर. त्यामुळे हँगर फक्त वर ढकलला जात नाही, तो चॅसीला पिळतोही. हा पीळ जवळपास १.१ किलोन्यूटन-मीटरचा. मार्चच्या दुरुस्तीत नेमका हाच विसरला गेला होता, कारण खालून पाहताना दिसतं ते फक्त वर-खाली.

मी इथे अडखळलो. जास्त भरणाऱ्या गाडीला जास्त मजबूत हँगर करून द्यायचा का? हँगर तग धरेल, पण तेच जास्तीचं वजन मग टायर, बेअरिंग आणि घाट उतरताना ब्रेकवर जाईल. ठरलं असं की हिशेब खऱ्या वजनावर करायचा, कारण माणसाच्या आश्वासनावर लोखंडाची जाडी ठरवू नये. आणि मालकांना जॉब कार्डवर लेखी द्यायचं की पासिंगपेक्षा जास्त भरू नका. मालकांनी पाट्यात आणखी एक पट्टी वाढवून गाडी थोडी उचलून मागितली होती. ते साफ नाकारलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं आहे. गाडी आठ वर्षांवरची, म्हणजे फिटनेस दरवर्षी. ऑगस्टमध्ये ती तपासणीला जायचीच होती.

पर्याय

मूळचा कंपनीचा हँगर बाजारात मिळत होता आणि स्वस्तही होता. पहिली पसंती त्यालाच असायला हवी. पण तो वेबवरच्या चार ठरावीक भोकांत बसतो, आणि त्यातली दोन भोकं गंजाने लांबट झाली होती, तिसरं तड्याच्या वाटेवर होतं. ब्रॅकेट नवा आणि त्याखालचं लोखंड कुजलेलं, असं झालं असतं.

चॅसी बदलणं हा सर्वांत स्वच्छ उपाय. मात्र चॅसी नंबर चॅसीवरच ठोकलेला असतो. तो बदलायचा तर आरटीओची परवानगी आणि कागदपत्रं आलीच, शिवाय खर्च नऊ वर्षांच्या गाडीला झेपणारा नव्हता.

जुनी वेल्ड खरवडून अजून मोठी प्लेट मारणं, हा तिसरा पर्याय. त्याचं काय होतं ते समोर दिसतच होतं.

उरला तो मार्ग लांबचा: आधी चॅसीचा तडा नीट भरायचा, आतून जोड-चॅनल द्यायचं, आणि कुजलेला भाग ओलांडून दोन्ही बाजूंच्या चांगल्या लोखंडावर वेबला बोल्टने बसेल असा लांब ब्रॅकेट स्वतः बनवायचा. शॅकलच्या पिनेची जागा मात्र मूळचीच, एक मिलिमीटरही इकडे-तिकडे नाही.

काम

आधी बॅटरीच्या दोन्ही तारा काढल्या, इंजिनच्या कंट्रोल युनिटचा प्लग काढला, डिझेलची टाकी उतरवली, ब्रेकचा पाइप आणि वायरिंग बाजूला बांधून त्यावर ओलं गोणपाट टाकलं. वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प कामाच्या अगदी शेजारी लावली, म्हणजे करंट बेअरिंगमधून फिरत जाणार नाही. पाट्यांवर ठिणगीही पडू दिली नाही. पाट्याचं पोलाद कडक असतं. त्यावर आर्कचा नुसता टिपका पडला तरी तिथे काचेसारखा ठिसूळ ठिपका तयार होतो आणि पुढे पाटा तिथूनच तुटतो.

तड्याच्या टोकाला ६ मिमीचं भोक पाडलं, म्हणजे तडा पुढे सरकणार नाही. टोक डोळ्याला दिसतं त्याच्या पुढे असतं, म्हणून भोकाआधी पुन्हा पेनेट्रंट मारलं आणि टोक ५ मिमी पुढे सापडलं. मग तडा ग्राइंडरने व्ही आकारात उघडला आणि ७०१८ या वेल्डिंग रॉडने भरला. जून सुरू झाला होता, हवा ओलसर. या रॉडचं आवरण दमट झालं की वेल्डमध्ये हायड्रोजन शिरतो आणि थंड झाल्यावर काही तासांनी वेल्ड आतून तडकू शकतं. रॉड ३५० अंशांवर दोन तास भाजून, गरम डब्यातून एकेक काढून वापरले. मामांना आधी हे पटत नव्हतं. ते म्हणाले, "एवढी वर्षं उन्हात वाळवून मारलेत रॉड." गेटच्या कामाला ते चालतं. इथे नको, एवढंच मी म्हणालो, आणि पुढे डबा सांभाळायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. भरलेलं वेल्ड दोन्ही बाजूंनी घासून चॅसीशी सपाट केलं.

आतल्या जोड-चॅनलची टोकं काटकोनात कापली नाहीत, माशाच्या शेपटीसारखी निमुळती ठेवली. जाड आणि पातळ यांची गाठ एकाच रेषेवर पडली की तिथे पुन्हा तीच गत होते. निमुळत्या टोकामुळे ताठपणा हळूहळू कमी होत जातो. भरलेला तडा सोडला तर फ्लँजवर कुठेही वेल्ड नाही, भोकही नाही.

ब्रॅकेटचा पहिला नमुना प्लायवुडचा केला. डाव्या बाजूचा मूळ हँगर शाबूत होता, त्यावरून पुढच्या पिनेपासूनचं अंतर घेतलं, मागच्या आडव्या चॅनलपासूनही घेतलं, आणि कर्ण मोजून दोन्ही पडताळले. प्लायचा नमुना लावून ॲक्सल जॅकवर वर-खाली केला. शॅकल रिकाम्या गाडीला किंचित पुढे कललेली, भरल्यावर किंचित मागे, आणि दोन्ही टोकांना चॅसीपासून २० मिमीच्या वर मोकळी. हे पाहिल्यावरच लोखंड कापायला दिलं. या नमुन्यात अर्धा दिवस गेला आणि तो मला सगळ्यात फायद्याचा वाटला.

प्लेट १० मिमी नव्हे, ६ मिमी घेतली, आयएस २०६२ या भारतीय मानकाची, ई३५० दर्जाची. साध्या ई२५० पेक्षा ही चाळीस टक्के जास्त ताणाला टिकते, म्हणून जाडी न वाढवता ताकद मिळाली. शिरोली एमआयडीसीत लेसरवर कापून घेतली आणि घड्या रोलिंगच्या, म्हणजे कारखान्यात प्लेट लाटली गेली त्या, दिशेला आडव्या टाकायला सांगितलं. आतले सगळे कोपरे गोल. ताकद जाडीतून नव्हे, आकारातून काढली: दोन गाल, मागची उंच प्लेट, मध्ये एक गसेट, म्हणजे आधाराची त्रिकोणी प्लेट. पिनेच्या जागी दोन्ही गालांना जाड कडी, म्हणजे भोक लवकर अंडाकृती होणार नाही. खालच्या फ्लँजला ब्रॅकेट टेकतो, पण जोडलेला नाही.

बोल्ट सहा, एम१२ (१२ मिमी जाडीचे), १०.९ या जास्त ताकदीच्या दर्जाचे, दोन ओळींत. भोकं ड्रिलने, गॅसने एकही नाही. टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, ११५ न्यूटन-मीटर. असा बोल्ट नीट आवळला की तो दोन प्लेटांना सुमारे ५२ किलोन्यूटनने एकमेकींवर दाबतो, आणि त्या दाबातून येणारं घर्षणच भार पेलतं. सहा बोल्टचं घर्षण मिळून आमच्या हिशेबातल्या भाराच्या चौपट येत होतं. बोल्टच्या दांड्यावर काप येऊ देणं हा हेतूच नाही. बोल्ट सैल असेल तर मात्र तो फक्त खुंटी उरतो, आणि खुंटी भोक मोठं करत जाते.

शेवटी हौद्याचं ते भोक बंद केलं. मागच्या फळीखाली जस्ताच्या पत्र्याची पन्हळ लावून पाणी रबरी नळीने चॅसीच्या आणि ब्रेकच्या बाहेर सोडलं. एकूण बिल १९ हजारांच्या आसपास. पन्हळीचे त्यात १,८०० होते. मूळ आजारावर खर्च झाला तो एवढाच.

आमची चूक

खाऱ्या पाण्याची धास्ती होती. म्हणून ब्रॅकेट बसवण्याआधी मी दोन्ही बाजूंना इपॉक्सीचे दोन-दोन हात द्यायला सांगितलं, जिथे प्लेटला प्लेट भिडते तिथेही. वाळल्यावर बोल्ट आवळले, प्रत्येक नटावर पांढरी खूण केली, आणि मालकांशी ठरलं की ५०० किलोमीटरनंतर गाडी दाखवायची.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी आली. आवाज नव्हता, मालक खूश होते. टॉर्क रेंच लावला तर सहापैकी चार बोल्ट सैल, दोन तर हाताच्या जोराने फिरत होते. पांढऱ्या खुणा मात्र हललेल्या नव्हत्या. म्हणजे नट उलटे फिरले नव्हते, त्यांच्यातला ताण निघून गेला होता.

कारण शोधायला रात्र गेली. आमच्या जोडात बोल्टने आवळलेली एकूण जाडी १९ मिमी होती. एवढ्या लांबीचा बोल्ट पूर्ण आवळल्यावर ताणला जातो जेमतेम ०.०६ मिमी, केसाच्या जाडीइतका. सगळी पकड त्या ०.०६ मध्ये असते. आणि आम्ही मध्ये रंगाचे थर घातले होते, एकूण ०.३ मिमीच्या आसपास. रंग दाबाखाली आणि उन्हात हळूहळू बसत गेला. तो थोडा जरी बसला तरी पकड संपते.

ब्रॅकेट उतरवला, भिडणाऱ्या जागा खरवडून स्वच्छ लोखंड केल्या, जस्तयुक्त प्रायमरचा एकच पातळ हात दिला, आणि जोडल्यानंतर कडांना बाहेरून सीलंट भरला, म्हणजे पाणी आत जाणार नाही. बोल्ट सहाही नवे. या कामाचे पैसे घेतले नाहीत. ५०० किलोमीटरची ती तपासणी ठरवली नसती तर काय झालं असतं, ते मार्चमधल्या हँगरकडे पाहून कळतं.

पुढे काय झालं

दुसऱ्यांदा बसवल्यानंतर ५०० किलोमीटरला सहाही बोल्ट टॉर्कवर होते, २,००० लाही. फिटनेस झाला. जानेवारीत गाडी पुन्हा वर घेऊन ब्रॅकेट, भरलेला तडा आणि जोड-चॅनलची टोकं पेनेट्रंटने तपासली. एकही लाल रेघ नाही. ब्रॅकेटच्या खालच्या कडेला जिथे खडी आपटते तिथे रंग उडून थोडा गंज होता, तो घासून रंगवला. मालकांनी बर्फ कमी केलं की नाही हे मी पाहिलेलं नाही, पण काट्याची एक पावती त्यांनी स्वतःहून आणून दाखवली. मागच्या ॲक्सलचा आकडा २,१२० होता.

त्याच तपासणीत डाव्या बाजूचा मूळ हँगर पाहिला. जूनमध्ये मी त्याला शाबूत म्हटलं होतं, कारण माप घ्यायला तो शाबूत होता. आता त्याचे दोन रिव्हेट हातोडीने ठोकल्यावर खुळखुळत होते आणि मागच्या कडेला गंजाचा तपकिरी ओघळ होता. पाणी उजवीकडे पडत होतं म्हणून मी डावीकडे पेनेट्रंट मारलाच नव्हता, नजरेवर भागवलं होतं. नऊ वर्षं त्याच रस्त्यावर तेवढंच वजन त्यानेही वाहिलं होतं. जूनमध्ये गाडी उघडी होती, टाकी उतरलेली होती, लेसरला उलट्या बाजूच्या प्लेटा कापून घ्यायला जास्तीचे दीड हजारही लागले नसते. तेव्हा दोन्ही बाजू एकदम करायला हव्या होत्या.

या वेळी मी मालकांना आधी गाडीखाली नेलं आणि हातोडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी दोनदा ठोकून पाहिलं. डाव्या बाजूला वेब चांगलं आहे, तडा नाही. त्यामुळे त्याच दिवशी सैल रिव्हेट काढून त्या जागी १०.९ चे बोल्ट घातले, भिडणाऱ्या जागा कोऱ्या ठेवूनच. दर पंधरा दिवसांनी तपासणी ठरली आहे. डाव्या हँगरच्या प्लेटा कापून आल्या आहेत, तेल लावून फळीवर ठेवल्या आहेत. १ जूनला बोटी बंद झाल्या की गाडी इकडे येईल.